चौसष्ट घरांचे धान्य



सुगी आटोपली की घरात दोन गोष्टी येतात, एक धान्य आणि दुसरा हिशेब. किती पिकले, किती विकले, बियाण्याला किती ठेवले आणि देणे किती फिटले, याची बेरीज-वजाबाकी प्रत्येक घरात होते. त्या हिशेबात आपण हजारांत, फार तर लाखांत बोलतो. आज मात्र एका फार मोठ्या आकड्याची ओळख करून घेऊ. आकडा मोठा असला तरी त्याचे गणित अवघड नाही. घरातल्या सातवीतल्या मुलामुलींना पाटी-पेन्सिल घेऊन जवळ बसवा आणि मोठ्याने वाचा. आकडा असा आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

एकंदर वीस अंक. हा आकडा साध्या हिशेबयंत्राच्या चौकटीत मावत नाही. बोलीभाषेत सांगायचे तर एक लाख चौऱ्यांशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, आणि वर शिल्लक. कोटी हा शब्द चुकून दोनदा पडलेला नाही. एक कोटी वेळा एक कोटी घ्यायचे आणि असे पावणेदोन लाखांहून जास्त वेळा करायचे.

हा आकडा कुणी आकाशातून आणलेला नाही. तो बुद्धिबळाच्या पटातून निघाला आहे, आणि त्याची गोष्ट गव्हाच्या दाण्यांची आहे. ही गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगतात. हिंदुस्थानातल्या एका राजाला एका बुद्धिमान माणसाने बुद्धिबळाचा खेळ करून दिला. राजा खूश होऊन म्हणाला, "माग काय हवे ते." तो म्हणाला, "महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. अशी दर घराला दुप्पट करीत चौसष्ट घरे भरा. एवढेच द्या." राजा हसला. त्याला वाटले, हा वेडा एखादे पोते मागतो आहे.

इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने तेराव्या शतकात ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच्याही आधी, इ.स. १००० च्या सुमारास, अल्-बिरूनी या विद्वानाने चौसष्ट घरांच्या दाण्यांची बेरीज मांडली होती. गोष्ट खरी घडली की नाही ते सोडून देऊ. हिशेब मात्र सोळा आणे खरा आहे.

आता आपण राजाचे कोठार उघडू. साधारण चांगल्या गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे किलोला २५ हजार दाणे आणि क्विंटलला २५ लाख. पटावर आठ घरांची एक ओळ, अशा आठ ओळी. पहिली ओळ संपली तेव्हा दाणे झाले २५५, म्हणजे दहा ग्रॅम, मूठसुद्धा भरली नाही. दुसरी ओळ संपली तेव्हा एकूण ६५,५३५ दाणे झाले, अडीच किलोच्या थोडे वर. अजून राजा हसतोच आहे. तिसरी ओळ संपेपर्यंत सुमारे पावणेसात क्विंटल गेले. चौथी ओळ, म्हणजे अर्धा पट, संपला तेव्हा एकूण सुमारे १,७१८ क्विंटल. दहा टनांचे सतरा ट्रक भरले! आणि अजून निम्मी घरे रिकामी आहेत.

पुढची निम्मी घरे भरायची तर सगळा मिळून सुमारे ७३,७८७ कोटी टन गहू लागेल. आज साऱ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे जगातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी एक दाणाही न खाता नऊशेहून अधिक वर्षे गहू आणून ओतला, तर राजाचे वचन पुरे होईल.

तुम्ही म्हणाल, राजाचे कोठार लहान होते, म्हणून तो फसला. तर आता तुमची कणगी घ्या. समजा घरात दहा क्विंटल गहू आहे. तो पंचविसाव्या घरात संपेल. शेजाऱ्याकडे वीस क्विंटल आहे, तुमच्या दुप्पट. त्याचा किती घरे पुढे जाईल? फक्त एक. तो सव्विसाव्या घरात संपेल. आणि गावच्या मोठ्या बागायतदाराकडे शंभर क्विंटल असेल, तर तो अठ्ठाविसाव्या घरात हात टेकेल. दुपटीपुढे गरीब आणि श्रीमंत यांच्यात दोन-तीन घरांचाच फरक राहतो.

आता बेरीज कशी करायची ते पाहा. चौसष्ट आकडे एकाखाली एक मांडायची गरज नाही. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा. पहिल्या घरात एक दाणा आहे, उसना धरून झाले दोन. दुसऱ्या घरात दोनच आहेत, मिळून चार. तिसऱ्या घरात चारच आहेत, मिळून आठ. असे करीत शेवटपर्यंत गेलात की पटाबाहेरच्या, नसलेल्या पासष्टाव्या घरात जेवढे दाणे बसले असते तेवढे हातात येतात. मग शेजाऱ्याचा दाणा परत करा. म्हणजे पासष्टाव्या घराचा आकडा काढायचा आणि त्यातून एक वजा करायचा. झाली बेरीज.

पासष्टाव्या घराचा आकडा म्हणजे दोनाला दोनाने चौसष्ट ठिकाणी गुणणे. तेही इतक्या वेळा करावे लागत नाही. दोनाचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६. याचा आणखी एकदा वर्ग केला की पासष्टावे घर आले. अवघे सहा वर्ग!

ही युक्ती परक्या मुलखातून आलेली नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त हीच रीत सांगितली आहे: संख्या सम असेल तर अर्धी करून वर्ग करावा, विषम असेल तर एक कमी करून गुणावे. तिथे एक उदाहरणही आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देत जाण्याचे कबूल करतो. महिन्याभरात किती दान झाले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत ते एक लाख चार हजार आठशे सत्तावन्न निष्क भरतात, आणि वर थोडी चिल्लर. दोन कवड्यांपासून निघालेला माणूस तिसाव्या दिवशी राजाच्या खजिन्याला हात घालतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते.

त्याच 'लीलावती'त एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपला आकडा त्यालाही पुरून उरतो. तो १८४ परार्धांहून मोठा आहे.

एवढ्या मोठ्या आकड्यात चूक राहिली नाही हे कसे ओळखायचे? आपले जुने मास्तर ताळा करायला सांगत, तोच करू. सगळ्या अंकांची बेरीज करा: ८७ येते. आठ आणि सात पंधरा, एक आणि पाच सहा. ताळा आला सहा. आता दुसऱ्या बाजूने पाहा. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट यांचे ताळे अनुक्रमे २, ४, ८, ७, ५, १ असे येतात. पुढे पुन्हा तेच सहा, त्याच क्रमाने. चौसष्ट वेळा दुप्पट करताना हा सहांचा फेरा दहा वेळा पुरा होतो आणि वर चार उरतात. चौथा ताळा सात. त्यातून परत केलेला एक दाणा वजा केला की सहा. ताळा जुळला. मुलांना हे करायला लावा. बरोबर आले की त्यांचे तोंड बघण्यासारखे होते.

या राशीचे समान वाटे पडतील का? शेवटचा अंक पाच, तेव्हा पाच जणांत बिनबाकी वाटणी होईल. अंकांच्या बेरजेला तिनाने भाग जातो, तेव्हा तीन भावांतही होईल. आणखी कुणाकुणात होईल, ते शोधायची युक्ती सोपी आहे. कुठल्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला, तर उरलेला आकडा म्हणजे त्या संख्येच्या मागची आणि पुढची संख्या यांचा गुणाकार असतो. चाराचा वर्ग सोळा, एक वजा पंधरा, म्हणजे तीन गुणिले पाच. सोळाचा वर्ग २५६, एक वजा २५५, म्हणजे पंधरा गुणिले सतरा. आपला आकडा वर्गावर वर्ग चढवूनच बनला असल्याने तो असाच उलगडत जातो. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे पाच भाजक एकामागून एक सुटे होतात. या पाचांचा गुणाकार केला तर बरोबर अर्ध्या पटाचे दाणे येतात, आपण मघाशी मोजले तेच सतरा ट्रक. आणि मागे उरतो ४,२९,४९,६७,२९७.

या उरलेल्या आकड्याने मोठमोठ्यांना चकवले आहे. फ्रान्सचा गणिती फर्मा याची सतराव्या शतकात अशी समजूत होती की, याला एक आणि तो स्वतः यांशिवाय कुणीच भागू शकत नाही. पुढे १७३२ साली ऑयलर या गणित्याने दाखवून दिले की त्याला ६४१ ने भाग जातो, आणि उत्तर येते ६७,००,४१७. खोटे वाटत असेल तर पाटीवर गुणून पाहा. असे एकंदर सात मूळ भाजक झाले. ते वेगवेगळ्या तऱ्हांनी एकमेकांशी जोडले की १२८ भाजक तयार होतात. म्हणजे ही रास बिनबाकी वाटायच्या १२८ तऱ्हा आहेत. आणि १२८ हा आकडाही त्याच पटावरचा आहे, आठव्या घरातला!

हाच आकडा दुसऱ्याही ठिकाणी भेटतो. १८८३ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्याने एक खेळणे काढले. तीन खुंट्या, आणि एका खुंटीवर खाली मोठी, वर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळी चळत दुसऱ्या खुंटीवर न्यायची. या खेळण्याला एक कल्पित कथा जोडली गेली: काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्यांची अशी चळत आहे, पुजारी ती हलवत आहेत, आणि काम पुरे झाले की जग संपेल. एक चकती वाढली की फेऱ्या दुप्पट आणि वर एक होतात: १, ३, ७, १५. चौसष्ट चकत्यांना किती फेऱ्या? आपलाच आकडा! दर सेकंदाला एक चकती हलवली तरी ५८ हजार कोटी वर्षे लागतील. तेव्हा निर्धास्त राहा आणि पुढच्या हंगामाची नांगरट करा.

गंमत पुष्कळ झाली. आता कामाचे बोलू. या आकड्याचा एक गुण असा आहे की तो ध्यानात ठेवला तर घर वाचते. पटाकडे पुन्हा पाहा. कुठलेही घर घ्या. त्या घरात जेवढे दाणे आहेत, ते त्याच्या आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त आहेत. चौथ्या घरात आठ, आधीच्या तिन्हींत मिळून सात. पाचव्यात सोळा, आधीच्या चारांत मिळून पंधरा. शेवटचे एकटे घर बाकीच्या त्रेसष्ट घरांना भारी आहे.

आता समजा, गावात कुणी एक योजना घेऊन आला. "हजार रुपये भरा. दोन सभासद आणा. तेही दोन-दोन आणतील. तुमच्या खालची साखळी वाढत गेली की तुम्हाला पैसेच पैसे." बोलणारा गोड असतो, आणि वरच्या एक-दोघांना पैसे मिळालेलेही असतात. ते तो दाखवतो. तुम्ही त्याच्यापुढे हा पट मांडा. पहिला एक, त्याखाली दोन, त्याखाली चार. अकराव्या ओळीत १,०२४ माणसे बसतात आणि त्यांच्या वरच्या सगळ्या ओळींत मिळून १,०२३. दोन हजार वस्तीचे गाव इथेच संपले, लहान पोरांसकट! आता त्या खालच्या हजार जणांनी दोन-दोन माणसे आणायची कुठून? साखळी तालुक्यात पसरेल, जिल्ह्यात पसरेल, पण एकतिसाव्या ओळीपर्यंत २१४ कोटींहून जास्त माणसे लागतात. आपल्या साऱ्या देशाची वस्तीही तेवढी नाही. साखळी कधी तरी तुटणारच. आणि ओळ भरून ती कुठेही तुटली, पाचव्या ओळीत नाही तर पंचविसाव्या, तरी त्या क्षणी निम्म्याहून अधिक माणसे शेवटच्या ओळीतच असतात. त्यांनी फक्त पैसे भरलेले असतात. मिळालेले काही नसते.

दोनांऐवजी पाच सभासद आणायचे असतील तर आणखी वाईट. १, ५, २५, १२५, ६२५, ३,१२५. शेवटच्या ओळीत ३,१२५ आणि वर सगळे मिळून ७८१. म्हणजे पाचांतले चार जण बुडाले. साखळी जितकी रुंद, तितके बुडणारे जास्त. यात चालवणाऱ्याची नियत चांगली की वाईट हा प्रश्नच येत नाही. तो देवमाणूस असला तरी आकडा बदलत नाही. म्हणूनच १९७८ साली संसदेने बक्षीस-चिठ्ठ्या आणि अशा पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही नवी नावे घेऊन त्या येतात, आता तर मोबाइलवरूनही येतात. नाव काहीही असो, एकच प्रश्न विचारा: "शेवटच्या ओळीतल्या माणसाला पैसे कोण देणार?" उत्तर मिळाले नाही तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

हाच पट कर्जातही असतो. दरमहा शेकडा तीन रुपये व्याज आणि व्याजावर व्याज, असा व्यवहार असेल तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. दहा हजारांचे दोन वर्षांनी वीस, चार वर्षांनी चाळीस, सहा वर्षांनी ऐंशी हजार, आठ वर्षांनी एक लाख साठ हजार आणि दहाव्या वर्षी तीन लाख वीस हजारांच्याही वर. पहिली दोन वर्षे माणसाला काही वाटत नाही. पटाची पहिली ओळ राजालाही काही वाटली नव्हती. शेवटच्या दोन वर्षांत मात्र आधीच्या आठ वर्षांत चढले त्याहूनही जास्त चढते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता: साठलेले व्याज एका वेळी मुद्दलाइतकेच मागता येईल, त्याहून अधिक नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. म्हणजे पटाच्या दुसऱ्या घराशीच त्यांनी मेढ रोवली आणि सांगितले, इथून पुढे जायचे नाही.

दुपटीची चाल पहिल्यांदा मुंगीची असते, म्हणून ती कळत नाही. कुणी "दर वेळी फक्त दुप्पट" असे म्हणाले की ते घेणे असो वा देणे असो, लगेच होय म्हणू नका. घरातल्या शाळकरी मुलीला पाटी आणायला सांगा. तिला दहा-बारा घरे भरू द्या, आणि तोवर थांबा. राजाने एवढे केले असते तर त्याचे कोठार वाचले असते.

जाता जाता मुलांसाठी एक गणित. पटाच्या प्रत्येक घरात दुपटीऐवजी तिप्पट दाणे ठेवले, म्हणजे १, ३, ९, २७ असे, तर कुठल्याही घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेच्या किती पट होतील आणि वर किती उरतील? पाच घरे मांडली की उत्तर आपोआप दिसेल. मग पाटीवरचे उत्तर घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.